टेंडरवरची चांगुणाबाई

जालना स्टेशनच्या पलीकडच्या अंगाला, मालधक्क्याच्या पुढं, इंजिनांचं एक लहानसं शेड होतं. मोठं शेड पूर्णेला. हे आपलं वाटेतलं. दोन इंजिनं सावलीला उभी राहतील एवढं पत्र्याचं छप्पर, राख पाडायचा खड्डा, पाण्याची टाकी आणि रुळांना लागून दगडी बांधणीचा उंच ओटा. ओट्यावर कोळशाचा ढीग. मनमाडहून काचीगुड्याकडं जाणाऱ्या एक्सप्रेसचं इंजिन इथं कोळसा-पाणी घ्यायचं. इंजिन ओट्याला लागलं की आठदहा बाया डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, अशा रांगेनं फळीवरून जायच्या, इंजिनामागच्या टेंडरमध्ये कोळसा ओतायच्या आणि दुसऱ्या फळीनं परत यायच्या. त्या रांगेच्या पुढं चांगुणाबाई असायची.

चांगुणाबाई मूळची केदारखेड्याची. छप्पन साली तिच्या घरानं दीक्षा घेतली, गावकीची कामं सोडली, आणि त्याच वर्षी बापानं सगळी माणसं घेऊन गाव सोडलं. कुठं कापसाची वेचणी, कुठं रस्त्याची खडी, कुठं तलावाची माती, असं करत चारपाच वर्षं त्यांचं घर पाठीवरच होतं. तेव्हापासून तिला एका जागी करमत नसे. लग्न होऊन जालन्यात आली, स्वतःचं खोपट झालं, दारात शेवगा वाढला, तरी तिचा पाय घरात ठरत नव्हता. भाकरी थापता थापता दोनदा दाराशी जाऊन यायची. जेवायला बसली तरी एक गुडघा उभाच.

नवरा साहेबराव अगदी उलट्या स्वभावाचा. एका जिनिंगच्या फाटकावर तो राखणदार होता आणि ते काम त्याला फार मानवलं होतं. बसला की बसला. चांगुणाबाई म्हणायची, “तुमच्या अंगावर एखादं दिवस वारूळ चढंल.” तो हसायचा आणि तसाच बसायचा.

शेडमधलं काम मात्र तिच्या मनाजोगतं होतं. इंजिन येई, फुसफुसत उभं राही, पोट भरून घेई आणि जाई. ते निघालं की शेवटचा डबा वळणाआड जाईपर्यंत ती ओट्याच्या कडेला उभी असायची. आपण ओतलेला कोळसा परतूरच्या पुढं कुठं कुठं जळत असेल, हे तिच्या मनात उगीच येत राहायचं. परतूरच्या पुढं ती कधी गेली नव्हती.

पंच्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात मुकादमानं बातमी आणली. गुत्तेदाराचा हा माणूस एरवी ओरडून बोलायचा. त्या दिवशी मात्र कोळशाच्या ढिगाला टेकून तो हळूच म्हणाला, “बायांनो, पाऊसकाळ लागला की हा ओटा बंद. आता पूर्णेला अन् मनमाडलाच टेंडर भरून घेणारेत. मधी भरायचं कामच न्हाई.”

“मंग आमी?” साळूबाईनं विचारलं. साळूबाई चांगुणाबाईच्या शेजारची, रांगेत कायम तिच्या मागं.

“तुमचं तुमी बघा. गुत्ताच संपला तं मी तरी काय करू?”

संध्याकाळी चांगुणाबाईनं साहेबरावला सांगितलं. तो म्हणाला, “बघू.”

“काय बघू?”

“होईल काहीतरी.”

“होत न्हाई. करावं लागतं,” ती म्हणाली आणि बाहेर जाऊन, सकाळीच झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला लागली.

त्यानंतरचे दिवस तिला फार वाईट गेले. ओटा होता, कोळसा होता, इंजिनंही येत होती; पण सगळं उसनं वाटत होतं. पाटी ओतून येताना ती मध्येच थांबायची आणि मागची बाई तिच्यावर आदळायची. शेवटी बुद्धपौर्णिमा झाल्यावर एक दिवस ती साळूबाईला म्हणाली, “चल, पूर्णेला जाऊ. तिथं मोठं शेड हाय. भराय बाया लागतच असतील. तिथल्या मुकादमालाच विचारू.”

“अन् त्यानं न्हाई म्हणलं तं?”

“तं परत येऊ. हितं बसून तरी कोण हौ म्हणून राह्यलंय?”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीत त्यांनी एक्सप्रेसचं टेंडर भरलं, हातपाय धुतले, लुगडी बदलली, आणि त्याच गाडीचं तिकीट काढून जनरल डब्यात चढल्या. लग्नसराई होती. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. साळूबाईनं एका म्हातारीच्या गाठोड्याशेजारी बूड टेकलं. चांगुणाबाई दाराशी उभी राहिली. ऊन असं होतं की बाहेरच्या दांडीला हात लावला तर चटका बसत होता.

रांजणी मागं पडली आणि तिला इंजिनाचा आवाज खटकू लागला. रोज ऐकून ऐकून तिला त्या भकभकीची चाल पाठ झाली होती. आज ती मधूनच ढिली पडत होती. “वाफ धरून न्हाई राह्यलं,” ती साळूबाईला म्हणाली.

“तुला काय करायचंय? बस ना जरा.”

“कोळसा निसता चुरा व्हता आज. आपणच तं भरला.”

परतूरला गाडी थांबली ती थांबलीच. लोक उतरून पाणी शोधू लागले. चांगुणाबाई उतरली आणि तडक इंजिनाकडं निघाली. साळूबाई मागून हाका मारत होती, तिकडं तिनं लक्ष दिलं नाही.

इंजिनाच्या सावलीत कडूबा आडवा पडला होता. कडूबा म्हणजे दुसरा फायरमन. टेंडरमधला मागचा कोळसा फावड्यानं पुढं ओढून द्यायचा आणि मोठी ढेकळं फोडायची हे त्याचं काम. पहिला फायरमन तो कोळसा उचलून भट्टीत टाकतो. कडूबाला उन्हाचा झटका बसला होता. डोळे वर गेले होते, अंग तव्यासारखं तापलं होतं आणि स्टेशनचा एक माणूस त्याच्या डोक्यावर ओलं फडकं धरून बसला होता. पहिला फायरमन तातेराव धापा टाकत पायरीवर टेकला होता. दोघांची कामं एकट्यानं ओढत त्यानं गाडी परतूरपर्यंत आणली होती.

ड्रायव्हर बद्रीनाथ स्टेशन मास्तरांशी बोलत होता. पन्नाशी उलटलेला, भरघोस मिशांचा हा माणूस रागावला तरी आवाज चढवत नसे. शेडमध्ये सगळे त्याला मामा म्हणत.

“एक माणूस द्या मला मास्तर. कसाबी द्या.”

“कुठून देऊ? गँग पार पुलाच्या कामावर गेलीय. पॉइंट्समन दिला तर इथल्या गाड्या कोण घेणार? पूर्णेला कळवतो, तिथून माणूस येईपर्यंत थांबा.”

“तवर भट्टी बसंल. गाडीत बाया, लेकरं हायत. पाण्यावाचून भाजून निघतील.”

चांगुणाबाई पुढं झाली. “मामा, मी ओढते कोळसा.”

बद्रीनाथनं वळून पाहिलं. काळवंडलेल्या लुगड्याऐवजी धुतलेलं लुगडं, केस विंचरलेले, म्हणून त्याला ती क्षणभर ओळखूच आली नाही. “चांगुणाबाई? तू कशी आलीस?”

“पूर्णेला निघाले. मी ओढते म्हणलं.”

“येडी हाय का? बाईमाणूस इंजिनवर?”

“रोज टेंडर कोण भरतं? निस्त्या फळीवरून भरते म्हणून काय झालं. आत उभं राहून पुढं लोटायचं, एवढंच ना?”

बद्रीनाथनं मास्तरांकडं पाहिलं. मास्तर म्हणाले, “मी माझ्या खोलीत चाललोय,” आणि खरोखरच गेले. तातेराव पायरीवरून म्हणाला, “मामा, ताईला घ्या. माझ्यानं आता दोन्ही होत न्हाई.”

बद्रीनाथनं मिशीवरून हात फिरवला. आधी कडूबाला उचलून मागं गार्डाच्या डब्यात न्यायला सांगितलं. त्याला नेल्यावर बद्रीनाथ हळू आवाजात म्हणाला, “चढ. जल्दी.”

चांगुणाबाईनं लुगड्याचा काचा मारला, पदर डोक्याला घट्ट गुंडाळला आणि चढली.

फळीवरून वरून पाहिलेलं टेंडर वेगळं आणि आत उभं राहिल्यावर वेगळं, हे तिला गाडी सुटताच समजलं. पायाखाली सगळं हलत होतं. कोळसा घसरून घोट्यावर येत होता. पुढून भट्टीचं दार उघडलं की तोंडावर लाल झळ यायची, आणि वर सूर्य होताच. पहिली काही फावडी नीट पडलीच नाहीत. एकदा ती गुडघ्यावर आपटली. तातेराव ओरडला, “ताई, पाय फाकवून उभी ऱ्हा! गाडीसंगं डोल, गाडीला अडवू नको!”

तिनं पाय फाकवले. गाडी डावीकडं झुकली की डावीकडं, उजवीकडं झुकली की उजवीकडं. हळूहळू फावड्याला लय आली. चुरा बाजूला सारून खालचा खडा कोळसा कसा उकरायचा हे तिला बरोबर माहीत होतं, कारण कुठल्या कोपऱ्यात काय ओतलंय ते तिच्याच हाताचं होतं. तिनं तो खडा कोळसा पुढं दिला. तातेरावनं तो भट्टीत पसरला. थोड्या वेळानं बद्रीनाथनं वाफेच्या काट्याकडं पाहिलं आणि हात वर केला. काटा चढत होता.

सातोना गेलं. दुधनेचं कोरडं पात्र झरकन मागं पडलं. बांधावरच्या बाभळी, विहिरीवरची माणसं, बैलगाडीत उभा राहून हात हलवणारा कुणीतरी, सगळं येत होतं आणि जात होतं. चांगुणाबाईच्या छातीतली इतक्या दिवसांची तडफड कुठं गेली ते तिलाही कळलं नाही. घाम डोळ्यांत उतरत होता. ती हसत होती, असं तातेराव पुढं सांगायचा.

सेलूला गार्ड कडूबाची खबर द्यायला पुढं आला. कडूबा शुद्धीवर आला होता, पाणी मागत होता. ते सांगता सांगता गार्डाची नजर वर गेली.

“ही कोण?”

“कोळसा ओढून राह्यली,” बद्रीनाथ म्हणाला.

“बद्रीनाथ, नोकरी नको झाली का तुला?”

“परभणीला माणूस घेतो. तवर गाडी तं चालू दे.”

गार्ड नव्यानं बदलून आलेला, शिस्तीचा माणूस होता. हिरवी झेंडी दाखवायला तो निमूट मागं गेला.

परभणीला खरोखरच एक माणूस मिळाला. तिथला एक खलाशी, म्हणजे रेल्वेचा मजूर, फावडं घेऊन इंजिनापाशी आला. बद्रीनाथ म्हणाला, “उतर आता चांगुणाबाई. लई उपकार झाले.”

ती उतरली नाही. “आता पूर्णा राह्यलीच किती? मी पुरवते.”

“माणूस आला ना.”

“त्याला काय ठावं कोळसा कुठं कसा पडलाय ते? मामा, पूर्णेपातूर येऊ द्या मला.”

तिचं तोंड काळंठिक्कर झालं होतं. त्यात डोळे तेवढे दिसत होते. बद्रीनाथनं त्या डोळ्यांकडं पाहिलं, सिग्नलकडं पाहिलं. गाडी सुटायचा सिग्नल पडला होता. त्यानं खलाशाला हातानंच थांबवलं आणि शिट्टी दिली. परभणीपर्यंत नाइलाज होता असं म्हणता आलं असतं. परभणीनंतर मात्र तसं म्हणायची सोय उरली नाही, आणि हे दोघांनाही त्या वेळी सुचलं नाही.

पूर्णेचं शेड चांगुणाबाई मान वळवून वळवून पाहू लागली. इंजिनं रांगेनं उभी. कुणाच्या पोटाखाली माणूस, कुणाच्या पाठीवर माणूस. एक अकोल्याकडं निघालेलं, एक मनमाडकडं, एक नुकतंच निजामाबादकडून येऊन राख पाडत असलेलं. घण, वाफ, शिट्ट्या, आणि या सगळ्यांतून वाट काढत कोळशाच्या पाट्या घेतलेल्या बायांची लांबच लांब रांग. साळूबाई तिला पाहून ओरडलीच, “अगं, काय अवतार केलास!” नळावर नेऊन तिनं तिचं तोंड धुतलं. धुता धुता चांगुणाबाईच्या तळहातांवरचे फुटलेले फोड तिला दिसले.

तिथल्या मुकादमानं दोघींना वरखाली पाहिलं. जालन्याच्या ओट्यावर काम केलंय म्हटल्यावर म्हणाला, “पोळ्याच्या आधी या. दोघीतिघी सोडून चालल्यात. ठेवून घेईन.”

परतीच्या पॅसेंजरमध्ये साळूबाई खिडकीला डोकं टेकून झोपली. चांगुणाबाई सगळ्या वाटेत दाराशीच उभी होती. साहेबरावला कसं सांगायचं, खोपट कुणाला द्यायचं, पूर्णेला कुठं राहायचं, हे सगळं तिनं सातोन्यापर्यंत ठरवूनही टाकलं.

पण गार्डानं वर कळवलं होतं. परक्या बाईला इंजिनवर घेतलं, आणि माणूस मिळाल्यावरही उतरवलं नाही. चौकशी लागली. सिकंदराबादेहून एक साहेब जालन्याला येणार असं समजलं, आणि शेडमध्ये दुसरं बोलणंच उरलं नाही.

बद्रीनाथ आता ओट्याला इंजिन लावून खाली उतरायचा, टेंडरभोवती एक चक्कर मारायचा आणि चांगुणाबाईशी नजर न मिळवता पुन्हा चढायचा. असं तीनचार वेळा झालं. शेवटी तातेराव तिच्या खोपटाशी आला. साहेबराव दारातच बसला होता. तातेराव त्याच्याशेजारी टेकला.

“ताई, मामाला निवृत्त व्हायला थोडकी वर्षं राह्यलीत. हे शाबीत झालं तं एक्सप्रेस जाईल. खाली उतरवतील, यार्डात टाकतील. साहेबासमोर तू म्हण, मी चढलेच न्हाई. मीबी तसंच म्हणतो. परतूरचे मास्तर तं खोलीतच व्हते.”

“अन् गार्ड?”

“उन्हात त्याची नजर चुकली म्हणू.”

चांगुणाबाई उभीच होती. “चढलेच न्हाई?”

“हौ.”

“मंग परतूरपासून पूर्णेपातूर कोळसा कुणी ओढला?”

तातेराव खाली पाहू लागला. “मी एकट्यानं.”

तिनं आपले तळहात त्याच्यासमोर धरले. फोड सुकले होते, कातडं अजून लाल होतं. तातेराव उठून गेला.

साहेबराव म्हणाला, “म्हणून टाक ना. तुझं काय जातं त्याच्यात?”

“माझं काय जातं ते तुमाला न्हाई कळायचं,” ती म्हणाली आणि पाण्याची भरलेली घागर उचलून पुन्हा पाण्याला निघाली. नळापाशी गेल्यावर तिला कळलं की घागर भरलेलीच आहे.

चौकशीपर्यंत तिचा जीव असाच टांगलेला होता. खरं सांगावं तर मामाचं नुकसान. माणूस भला, त्यानं कधी बायांना हिडीसफिडीस केलं नव्हतं. खोटं सांगावं तर आयुष्यात जे एक मनासारखं केलं ते केलंच नाही असं स्वतःच्याच तोंडानं म्हणायचं. काम करताना तिच्या डोक्यात हेच फिरायचं. एकदा पाटी टेंडरऐवजी बाहेरच ओतली गेली.

चौकशी स्टेशनच्या एका खोलीत झाली. साहेब हैदराबादकडचा, चष्मेवाला, शांत माणूस. शेजारी एक कारकून लिहीत होता. भिंतीला लागून बद्रीनाथ टोपी हातात घेऊन उभा. चांगुणाबाईला बाकावर बसायला सांगितलं तर ती म्हणाली, “उभीच बरी हाय.”

“इंजिन पे चढी थी क्या?” साहेबानं विचारलं.

तातेराव दाराशी होता. त्यानं डोळे मिटून घेतले.

“हौ साहेब,” चांगुणाबाई म्हणाली. “चढले. परतूरला चढले, पूर्णेला उतरले. सगळा कोळसा मी ओढला.”

बद्रीनाथच्या हातातली टोपी चुरगळली.

“किसने बुलाया?”

“कुणीच न्हाई. हे मामा बेशुद्ध माणसाला उचलून मागं धाडायच्या गडबडीत व्हते. मी मागल्या अंगानं चढून बसले. गाडी सुटल्यावर त्यांनी पाह्यलं. मंग काय मला खाली फेकतील?”

“परभनी में उतरी क्यों नहीं?”

“त्यांनी उतर म्हणलं. मीच न्हाई उतरले. खलाशाला विचारा, त्यानं बराबर ऐकलंय.”

साहेबानं चष्मा काढून पुसला. “क्यों नहीं उतरी?”

ती एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली. मग म्हणाली, “चांगलं वाटून राह्यलं व्हतं, साहेब.”

कारकुनानं लिहिणं थांबवून वर पाहिलं. साहेबानं त्याला खूण केली, ते लिहू नको म्हणून.

निकाल फार मोठा लागला नाही. बद्रीनाथला ताकीद मिळाली, काही दिवस मालगाडीवर काढावे लागले आणि मग एक्सप्रेस परत मिळाली. चांगुणाबाई रेल्वेची नोकर नव्हतीच, तिला शिक्षा कसली? फक्त गुत्तेदाराला तोंडी सांगण्यात आलं की ही बाई आमचं ऐकत नाही, रेल्वेच्या हद्दीत हिला कामावर घेऊ नका. पूर्णेच्या मुकादमालाही तो निरोप गेला. साळूबाई पोळ्याआधी विचारायला गेली तर तो म्हणाला, “तू ये. तिला न्हाई.”

साळूबाई गेली नाही. “एकटी जाऊन काय करू तिथं?” एवढंच म्हणाली.

त्या आठवड्यात बद्रीनाथची बायको सगुणाबाई चांगुणाबाईच्या दारी आली. हातात पिशवी, पिशवीत नवं कोरं लुगडं. तिनं चहा घेतला. जातीतल्या चार बाया हे ऐकून नाक मुरडतील हे तिला ठाऊक होतं, तरी घेतला आणि कप स्वतःच विसळून ठेवला. “ह्यांना झोप न्हाई बाई,” ती म्हणाली. “तुमच्यामुळं आमचं घर वाचलं. एवढं ठेवा.”

“लुगडं नको मला. मामाला म्हणावं, पूर्णेला माझ्यासाठी एक शब्द टाका.”

सगुणाबाईनं मान खाली घातली. “तेच तं अवघड हाय. ह्यांनी तुमच्यासाठी बोललं तं लोक म्हणतील, मंग ह्यांनीच चढवली असंल.”

हे चांगुणाबाईच्या ध्यानात आलं नव्हतं. ती बराच वेळ चुलीतली लाकडं मागंपुढं करत राहिली. मग तिनं लुगडं ठेवून घेतलं, कारण परत पाठवलं असतं तर त्या बाईला आणखी अवघड झालं असतं.

ओटा तर पाऊसकाळ लागताच बंद झाला होता. चांगुणाबाईला साहेबरावनं जिनिंगमध्ये लावून दिलं. तिथं कापसाची गाठोडी इकडून तिकडं न्यायची. ती घरी येऊन म्हणायची, “डोक्यावर काही हाय असं वाटतंच न्हाई. दिवसभर रिकामंच फिरल्यावाणी वाटतं.” दिवाळीनंतर तिनं ते सोडलं. मग जाफराबादकडं कापसाची वेचणी, मग रस्त्याचं काम, मग एका घरबांधणीवर विटा. कुठंही चारदोन महिन्यांच्या वर नाही. साहेबराव आता तिला काही विचारत नसे. ती आली की भाकरी वाढायचा, निघाली की शिदोरी बांधून द्यायचा.

शेवटी ती साळूबाईला घेऊन शहागडला गेली. गोदावरीच्या काठी वीटभट्ट्या, वाळू, आणि हायवेवर उभ्या असलेल्या ट्रका. ट्रकांमध्ये माल चढवायला बायांची टोळी लागायची. दोन वर्षांत त्या टोळीची मुकादम चांगुणाबाईच झाली. ट्रक येत, भरत, औरंगाबादकडं नाहीतर बीडकडं निघून जात. तिथं ती टिकली. साहेबरावही महिन्या-दोन महिन्यांनी एसटीनं यायचा, भट्टीच्या सावलीत बसायचा आणि परत जायचा.

अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात जालना-बीड एसटी शहागडच्या हॉटेलासमोर चहाला थांबली होती. चांगुणाबाई एका ट्रकच्या फाळक्यावर उभी राहून विटा घेत होती. खालून कुणीतरी हाक मारली, “चांगुणाबाई?”

बद्रीनाथ होता. मिशा पार पांढऱ्या झालेल्या, अंगावर निळ्या कपड्यांऐवजी धोतर. लेकीला भेटायला बीडला निघाला होता.

“मामा! सुटले का नोकरीतून?”

“सुटलो. श्रावणात.” तो जवळ आला आणि ट्रकच्या चाकाला हात लावून उभा राहिला. इकडचं तिकडचं बोलून झालं. तातेराव आता स्वतः ड्रायव्हर झाला होता. कडूबा बरा होता, पण उन्हात बिलकुल निघत नव्हता. मग बद्रीनाथ आवाज खाली आणून म्हणाला, “त्या दिवसाचं खरं मी आजपातूर कुणाला सांगितलं न्हाई. घरात सोडून.”

“मी तं समद्यांना सांगितलंय,” चांगुणाबाई म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. “समद्यांना?”

“हितं समद्यांना. भिऊ नका. कुणी मानत न्हाई. हसतात.” तिनं खालच्या बायांकडं आणि ट्रकच्या क्लीनरकडं हनुवटीनं दाखवलं. “ही साळू व्हती गाडीत, तरी तिचंबी मानत न्हाईत. मैतरणीची बाजू घेते म्हणतात.”

क्लीनर दात काढून हसला. “मावशी, पुन्हा इंजिन काढलंस का?”

एसटीची घंटी वाजली. बद्रीनाथ दोन पावलं गेला आणि थांबला. ट्रकच्या आजूबाजूला जी पाचसात माणसं होती त्यांच्याकडं वळून, आवाज कधी न चढवणारा तो माणूस मोठ्यानं म्हणाला, “हसायचं काम न्हाई. त्या गाडीचा डायवर मी. परतूरहून पूर्णेपातूर ह्या बाईनं कोळसा ओढला. मीच हिला चढ म्हणलं. वाफ एकदाबी पडू दिली न्हाई हिनं.”

क्लीनरचं हसू थांबलं. विटा देणाऱ्या बायांचे हात जागच्या जागी राहिले. कंडक्टर दारातून ओरडत होता. बद्रीनाथ धोतराचा सोगा धरून धावत एसटीत चढला. दार लागलं, गाडी धूळ उडवत पुलाकडं वळली.

“खरंच का गं बाई?” एकीनं विचारलं.

चांगुणाबाईनं पदरानं तोंड पुसलं. ट्रक अजून अर्धा रिकामा होता आणि ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला होता.

“विटा द्या इकडं,” ती म्हणाली. “बीडचा माल हाय. उशीर होऊन राह्यला.”